ओढ आणि सोड

माझी सध्याची पोस्टिंग साकोलीतल्या एका कॉलेजच्या गेटवर आहे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि इथे सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागलो. सकाळी गार्ड लोकांचं फॉल-इन घेतो, बूट बघतो, ओके रिपोर्ट घेतो. पोरं मागून हसतात, पण वेळेवर येतात.

फौजेत मी इंजिनियर्समध्ये होतो. पूल टाकणं, सुरुंग काढणं, पलटणीला नदीपार नेणं हे आमचं काम. ओळख झाली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, गोळीबार पाहिला का?" पाहिला. पण मी आज जे लिहितो आहे त्यात गोळी नाही. दोन शब्द आहेत, एक दोर आहे आणि सानगडीच्या तलावावरची घरगुती बोटींची शर्यत आहे.

शर्यतीची कल्पना रफीकची. नायक शेख रफीक, निवृत्त, फौजेत ट्रक चालवायचा. तालुक्यातले आम्ही माजी सैनिक महिन्यातून एकदा हायवेलगतच्या टपरीवर तर्री-पोहे खायला जमतो. पेन्शन, कॅन्टीन आणि गुडघे हे आमचे कायमचे विषय. एकदा रफीक कंटाळून म्हणाला, "साहेब, किती दिवस गुडघ्यावर बोलून राहिलो आपण? कुछ करते हैं. तुम्ही इंजिनियरवाले, नाव बनवा. मी चालवतो."

"नाव चालवत नाहीत. वल्हवतात."

"तेच. स्टिअरिंग नाही म्हणून काय झालं?"

त्या बोलण्यातून शर्यत उभी राहिली. बस डेपोचे मेकॅनिक तयार झाले, माझ्या कॉलेजचे शिक्षक तयार झाले, सानगडीच्या मासेमार पोरांनी तर आधीच जिंकल्यासारखं बोलायला सुरुवात केली. नियम साधे ठेवले. बोट घरी बनवलेली हवी. इंजिन नको. मासेमारांचा लाकडी डोंगा चालणार नाही, कारण डोंगा आला की शर्यत संपलीच. एका बोटीत चार माणसं. तलावाच्या मध्ये लाल झेंडी लावलेला बांबू रोवायचा. तिथपर्यंत जायचं, बांबूला वळसा घालायचा आणि परत यायचं. दिवस ठरला सव्वीस जानेवारीनंतरचा रविवार. तेव्हा तलाव भरलेला असतो, शिंगाडे काढून झालेले असतात आणि गावाला थोडी उसंत असते.

जागा सानगडी ठरली तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नाही, हे मला ठरवता आलं नाही. सानगडी हे लान्स नायक प्रकाश रामटेके याचं गाव.

प्रकाश माझ्या सेक्शनमध्ये होता. मी हवालदार, तो माझा बो-मन. बो-मन म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर दोर घेऊन बसणारा जवान. बोटीचा कमांडर मागे असतो, इंजिनजवळ. त्याला पुढचं पाणी नीट दिसत नाही आणि बो-मनला मागचं काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये फक्त आवाज असतो. म्हणून फौजेत पाण्यावरचे हुकूम ठरलेले असतात आणि ते हिंदीत असतात. दोर आवळायचा असेल तर "खींच". मोकळा करायचा असेल तर "छोड़". पंजाबचा जवान असो की केरळचा, या दोन शब्दांत कोणाची गफलत होत नाही.

पण आम्ही दोघं एकाच तालुक्याचे. एकटे असलो की आपली बोली बोलायचो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आम्ही दोघंही सरहद्दीवर होतो. सुट्टीवरून आलेल्या कोणीतरी ती बातमी सांगितली. प्रकाशने विचारलं, "आपन कोनाकडं राहिलो?" भंडाऱ्याकडे, असं कळल्यावर म्हणाला, "मंग ठीक हाये. ट्रंकेवरचा पत्ता पुसा नाही लागत."

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या कंपनीला आसामात पूरबचावाची ड्यूटी लागली. पहिले चार दिवस रुटीन होतं. पहाटे ब्रीफिंग, उजाडताच बोटी पाण्यात, दुपारी तिथेच पुरी-भाजी, अंधार पडायच्या आत परत. प्रकाश पाण्यावर खूश असायचा. सानगडीच्या तलावात वाढलेला माणूस. पुराकडे बघून एकदा म्हणाला, "हवालदार साहेब, एवढं पानी आपल्या तलावात आलं असतं त माह्या भावानं वर्षाले तीनदा धान काहाडलं असतं."

पाचव्या दिवशी आम्ही एका शाळेच्या छतावरून माणसं उतरवत होतो. पाण्याला जोर होता. छताला लागून सुपारीचं झाड होतं. प्रकाशने दोराचा एक वेढा झाडाला दिला आणि मोकळं टोक हातात धरलं. गाठ मारायची नसते. वेळ आली तर क्षणात सुटलं पाहिजे. सहा माणसं बोटीत आली. त्यांत एक म्हातारी होती. प्रकाशने आपलं लाईफ जॅकेट काढून तिच्या अंगात घातलं. हे नियमाविरुद्ध होतं. मी पाहिलं आणि काही बोललो नाही.

मग मला वरून वाहत येणारा ओंडका दिसला. बोट झाडाच्या आडोशाला घ्यायला हवी होती. म्हणजे दोर आवळायला हवा होता. त्याच वेळी आमची दुसरी बोट पूर्ण इंजिनवर बाजूने गेली. मी ओरडलो. तोंडातून "खींच" निघालं नाही. निघालं, "प्रकाश, ओढ!"

दोर सुटला.

बोट आडवी झाली. ओंडका पुढच्या टोकावर बसला. प्रकाश पाण्यात गेला. एकदा हात दिसला, मग दिसला नाही. सहा माणसं बोटीत होती. मी इंजिन चालू केलं आणि त्यांना किनाऱ्याला लावलं. तेच बरोबर होतं.

रेडिओवरचं बोलणं मला अजून पाठ आहे. आमची बोट टू, तळ वन.

"टू फॉर वन. वन ओन मॅन ओव्हरबोर्ड. ओव्हर."

"वन. नाम भेजो. ओव्हर."

"लान्स नायक रामटेके. ओव्हर."

"वन. रॉजर. सिव्हिलियन?"

"सब सेफ. ओव्हर."

"रॉजर. सर्च करो. आऊट."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाली एका वळणावर सापडला.

इथे मला माझ्या गल्लीबद्दल सांगावं लागेल. आम्ही विणकर. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत सकाळी सूत ताणलेलं असायचं. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काका, मध्ये गल्लीभर ताणा. दोघांमध्ये दोनच शब्द चालायचे. ओढ. सोड. सायकलच्या घंटीशिवाय दुसरा आवाज नसायचा, त्यामुळे कोणाला कधी चुकीचं ऐकू आलं नाही. फौजेत दहा वर्षं हिंदीत हुकूम दिल्यावर, ऐन वेळी माझ्या तोंडात बाबांचा शब्द आला. प्रकाशच्या घरी तर तो शब्दही वेगळा. ते शेतकरी. ते दोर ओढत नाहीत, "वढ"तात. इंजिनच्या आवाजात माझ्या "ओढ"चं त्याला काय ऐकू आलं असेल? "सोड" ऐकू आलं असेल, असं मी त्याच दिवशी धरून चाललो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी तसं स्टेटमेंट दिलं. अध्यक्ष मेजर साहेब उत्तरेकडचे होते. म्हणाले, "ओढ और छोड़ में तो बहुत फर्क है, हवालदार."

"साब, मराठी में छोड़ को सोड बोलते हैं."

त्यांनी बंद खोलीत मला दोन्ही शब्द दोनदा बोलायला लावले. बंद खोलीत दोन्ही स्वच्छ वेगळे ऐकू आले. त्यांनी लिहिलं, प्रवाहाच्या जोरामुळे दोर निसटला. कोणाची चूक नाही.

प्रकाशच्या पुण्यानुमोदनाला मी रजा घेऊन सानगडीला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. प्रकाशचे मोठे भाऊ भाऊराव माझ्याजवळ येऊन बसले. आई-वडील लवकर गेल्यामुळे त्यांनीच त्याला वाढवलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हात सुटला का त्याचा?"

"नाही, दादा. माझा शब्द चुकला." मी सगळं सांगितलं. ओढ, सोड, इंजिन, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी दोस्त हाव त्याचे. तुमी असंच म्हनाल."

गावात तोवर पसरलं होतं की तलावात पोहणारा पोरगा पुराला घाबरला, हातातला दोर टिकला नाही. शाळेच्या भिंतीवर गावाने पाटी लावली. चांगल्या मनाने लावली. "लान्स नायक प्रकाश रामटेके. बचावकार्यात दोर निसटून वीरगती." शाळेपुढचा रस्ता भाऊरावांच्या शेताकडे जातो. पाटी लागली त्या दिवसापासून ते तलावाच्या पाळीवरून, बांधावरच्या लांबच्या वाटेने शेतावर जाऊ लागले.

मी गुन्हा कबूल करून बसलो होतो आणि कोणी तो लिहून घ्यायला तयार नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण खात्री नव्हती. मला त्याची फक्त पाठ दिसली होती. हात सुटला की सोडला, हे पाठीवरून कळत नाही. पण चूक माझी ठरावी अशी माझी इच्छा होती. ती माझी नसेल तर प्रकाशची ठरत होती.

आता शर्यत.

आमची बोट कॉलेजच्या मागे, शेडमध्ये तयार झाली. चार निळे प्लास्टिकचे ड्रम, वर बांबूची चौकट, नायलॉनचा दोर. लॅशिंग, म्हणजे दोराने आवळून बांधणं, मी स्वतः केलं. एकही खिळा नाही. रफीकने भोवती फेरी मारली.

"साहेब, नाव आहे की खटिया?"

तिचं नाव खाटच पडलं.

तिसरा गडी बोरकर सर. कॉलेजात गणित शिकवतात, माझ्याशी रोज गेटवर राजकारण बोलतात. शिक्षकांच्या बोटीत त्यांना घेतलं नव्हतं.

"वजनामुळं नाही घेतलं," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "मी त्यांना पाण्याचा नियम समजावला, की जेवढं वजन तेवढं पाणी बाजूला सरकतं. ते म्हणाले, सर, तुम्हीच सरका."

"पोहता येतं?"

"तत्त्वतः."

मी त्यांच्यासाठी थर्माकोलचं जाड जॅकेट शिवून घेतलं.

चौथा गडी मिळत नव्हता. शर्यतीला आठवडा उरला असताना, सकाळी मी वल्ह्यांना दोर गुंडाळत होतो. शेडच्या दारात भाऊराव येऊन उभे राहिले. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, खांद्यावर दुपट्टा. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे कधी आले नव्हते. लग्नात, मयतीत भेट व्हायची. "बरे हाव ना?" "बरा आहे, दादा." तेवढंच.

त्यांनी बोट पाहिली. बांबूच्या गाठी दाबून पाहिल्या.

"पुढच्या टोकाले कोन बसून राहिला?"

"अजून कोणी नाही."

"मी बसतो."

ते खाली बसले.

"लोकं सांगून राहिले, तुमी त्या बांबूले दोर टाकून बोट फिरवनार हाव म्हनून. खरं हाये का?"

खरं होतं. ही आमची फौजी युक्ती होती. बाकीचे लोक वल्ही मारत लांबून वळसा घालणार. आम्ही वेगात बांबूपाशी जाणार. पुढचा माणूस दोराचा वेढा बांबूला टाकणार आणि मोकळं टोक हातात धरणार. "खींच" म्हटलं की तो दोर आवळणार. बोटीचं नाक तिथे अडकेल आणि वेगाने मागचा भाग गोल फिरेल. तोंड किनाऱ्याकडे झालं की "छोड़". दोर मोकळा, बोट सरळ घराकडे.

"म्हंजे दोन्ही शब्द लागतात," भाऊराव म्हणाले.

"हो. पण हिंदीत, दादा. पाण्यावर मी आता हिंदीच बोलतो."

"न्हाई. मराठीतच द्याचा हुकूम. तवा जसा देल्ला होता तसाच. ओढ, म्हना. वढ नोका म्हनू."

"कशासाठी?"

"मले आयकाचं हाये." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मी तुमच्यावर इस्वास न्हाई ठेवला. न्हाई ठेवला तेही बरोबर होतं. तुमी त्याले झाकाले खोटं बोलता, असंच वाटलं मले. आता वय झालं. त्याच्या जाग्यावर बसून एकदा आयकतो. मंग जे असन ते असन."

बोरकर सर आणि रफीक तिथेच होते. मग रफीक म्हणाला, "दादा, बसा. वजन तुमचं बरोबर आहे. सरांना बॅलन्स करायला कोणीतरी पाहिजेच."

रिहर्सल रविवारच्या आधी तीनदा घेतली, सकाळी, तलावावर कोणी नसताना. भाऊरावांचा हात पक्का होता. बांबूवर वेढा पहिल्या फेकीत बसायचा. मी "ओढ" म्हणालो की ते ओढत. "सोड" म्हणालो की सोडत. एकदाही चुकले नाहीत. बोट अशी फिरायची की बोरकर सरांनी टाळ्या वाजवल्या आणि वल्हं पाण्यात पडलं.

तिसऱ्या दिवशी परत येताना भाऊराव बोटीतून उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्वच्छ आयकू येते, सुभेदार."

"हो, दादा."

"लय स्वच्छ."

ते पाळीवरून घरी गेले. मला त्या मेजर साहेबांची बंद खोली आठवली.

शर्यतीच्या दिवशी अर्धा तालुका तलावावर होता. एका बाजूला डफड्यांचा ताफा, दुसऱ्या बाजूला डीजे, मध्ये माईकवर सरपंचांचे चुलतभाऊ. चार बोटी. डेपोच्या मेकॅनिकांनी ट्रकच्या ट्यूबवर फळ्या बांधल्या होत्या आणि पुढे खरा हॉर्न लावला होता. मासेमार पोरांनी मासळीच्या थर्माकोल पेट्या जाळ्यात घट्ट आवळून बोट केली होती. ती हलकी होती आणि पोरं त्याहून हलकी. त्यांच्यातला एक ओरडला, "सुभेदार काका, खाट आनली त उशी कुठी हाये?"

"उशी मध्ये बसली आहे," रफीकने बोरकर सरांकडे बोट दाखवलं.

मी ब्रीफिंग दिलं. वल्ह्यांचे हुकूम हिंदीत. दोराचे मराठीत. काही झालं तर बोट सोडायची नाही, ड्रम बुडत नाहीत. कोणाला शंका? कोणाला नव्हती. माझा आवाज ठीक होता. पाण्यावर माझा आवाज नेहमीच ठीक असतो.

शिट्टी झाली. पहिल्या पन्नास हातांत मेकॅनिकांची ट्यूब गोल गोल फिरायला लागली आणि त्यांचा हॉर्न अडकून वाजतच राहिला. शिक्षकांच्या बोटीत वल्हं कोणत्या हातात धरायचं यावर चर्चा सुरू झाली. बोरकर सरांना त्याचा फार आनंद झाला. "एक साथ! एक साथ!" मी ताल देत होतो. खाट सरळ चालली होती. फक्त मासेमार पोरं आमच्या पुढे होती, आणि त्यांना लांबून वळायचं होतं. बांबूपाशी आम्ही त्यांना गाठणार हे मला दिसत होतं. जिंकण्याची चव तोंडात आली होती. ते मी नाकारत नाही.

बांबू जवळ आला. पलीकडे शिंगाड्याच्या जुन्या वेलांचा पट्टा होता. भाऊरावांनी उभं राहून दोर फेकला. वेढा बरोबर बसला. मोकळं टोक त्यांच्या मुठीत. माझ्याकडे त्यांची पाठ. काठावर डफडी टिपेला गेली होती, डीजे चालू होता, मागून तो अडकलेला हॉर्न जवळ येत होता.

मी छातीतून ओरडलो, "दादा, ओढ!"

त्यांनी मूठ उघडली.

दोर सळसळत बांबूवरून सुटला. बोट बांबूला घासून सरळ पुढे गेली, वेलांच्या पट्ट्यात घुसली आणि जागच्या जागी आडवी झाली. बोरकर सर उजव्या बाजूने पाण्यात गेले. जॅकेटमुळे ते वर राहिले, पण वेल पायांत अडकले होते आणि ते हात आपटत होते. तिथे पाणी माणसापेक्षा खोल आहे.

"दादा, पकड़! कॉलर पकड़!" हे हिंदीतच निघालं. "रफीक, बायें बैठ! हिलना मत!"

भाऊरावांनी एका हाताने बांबूची चौकट धरली, दुसऱ्याने सरांची कॉलर. वेल सरांना खाली ओढत होते. साठीच्या माणसाची ती मूठ होती. मी मागून पोचेपर्यंत ती सैल झाली नाही. आम्ही दोघांनी सरांना वर घेतलं. ते बांबूंवर पालथे पडले, तोंडातून पाणी काढलं आणि म्हणाले, "तत्त्व बरोबर होतं."

कोणी हसलं नाही. भाऊराव माझ्याकडे बघत होते.

"तुमी सोड म्हनलं."

"ओढ म्हणालो, दादा."

"न्हाई. सोड म्हनलं तुमी. मी आयकलं."

"ओढ."

ते रफीककडे वळले. रफीक आमच्या दोघांच्या मध्ये बसलेला. त्याला सगळी हकीकत माहीत होती, आणि तो माझा दोस्त. तरी तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, मेरे कू भी छोड़ ही सुनाई दिया."

मासेमार पोरं बांबूला वळून किनाऱ्याकडे निघाली होती. काठावर आरडाओरडा चालू होता. खाट वेलांत हलत होती. भाऊरावांनी स्वतःचा उजवा हात पुढे धरून पाहिला, तळवा वर करून. दोराने कातडी सोलली होती.

"म्हंजे त्याचा हात न्हाई सुटला," ते म्हणाले. "त्यानं सोडला. हुकूम आयकला अन् सोडला."

"हो, दादा."

"घाबरला न्हाई."

"नाही. चूक माझी होती."

"तुमची होतीच," ते म्हणाले. तो शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला दिला. मी तो घेतला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत हा पुरावा टिकला नसता. पाण्यावर टिकला.

ते पुढच्या टोकाला जाऊन बसले. दोर गोळा केला. मग मान वळवून म्हणाले, "आता तुमचं ते हिंदी सांगा. कायले बसून राहिले? शर्यत बाकी हाये."

"खींच म्हटलं तर आवळायचं. छोड़ म्हटलं तर सोडायचं."

"समजलं. चला."

बोट मागे घेतली. दोर पुन्हा बांबूवर बसला. "खींच!" खाट कचकचत फिरली. "छोड़!" आम्ही सरळ निघालो. बोरकर सर ओल्या कपड्यांत असे वल्हवत होते की मला ताल वाढवावा लागला. शिक्षकांना आम्ही मध्ये गाठलं, मेकॅनिकांची ट्यूब तोवर हवा जाऊन बसली होती. आमचा नंबर दुसरा आला. मासेमार पोरं किनाऱ्याला लागून, वर पोहून, अंग पुसून आमची वाट बघत उभी होती.

बक्षिसाच्या वेळी भाऊरावांनी माईक मागितला. ते कधी कुठे बोललेले नव्हते. माईक त्यांनी फावड्याच्या दांड्यासारखा धरला.

"माह्या भावाच्या हातून दोर निसटला न्हाई. त्याले हुकूम आयकू आला, त्यानं पाळला. आज मलेही तोच आयकू आला. मीही पाळला. बस."

डीजे कोणीतरी बंद केला होता. गावातल्या जुन्या माणसांना कळलं. बाकीच्यांना घरी जाऊन कळलं असेल.

आता दर पावसाळ्याआधी मी तालुक्यातल्या गावांमधल्या पोरांना पुराच्या वेळी बोट आणि दोर कसा वापरायचा ते शिकवतो. पहिला धडा लॅशिंगचा नाही. पहिला धडा दोन शब्दांचा. डफडी लावून घेतो, इंजिन चालू ठेवतो आणि आधी मराठीत ओरडतो. निम्मी पोरं चुकीचं करतात. मग हिंदीत ओरडतो. एकही चुकत नाही. मग मी त्यांना प्रकाशचं नाव सांगतो.

शर्यतीनंतर महिन्याभराने भाऊरावांनी मला सानगडीला बोलावलं. शाळेच्या भिंतीपाशी पेंटर बसला होता. पाटीवरचे "दोर निसटून" हे शब्द त्याने पांढऱ्या रंगाने पुसले होते आणि त्या जागी लिहिलं होतं, "हुकूम पाळून".

मी भाऊरावांना म्हणालो, "दादा, हुकूम कोणाचा होता, तेही लिहायला सांगा. चुकीचा होता हे लिहा."

त्यांनी पाटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिली.

"जागा न्हाई, सुभेदार," ते म्हणाले.

मी बूट जोडून सॅल्यूट केला. लान्स नायक प्रकाश रामटेके, सानगडी. त्यानंतर आम्ही दोघं त्याच रस्त्याने, शाळेपुढून, त्यांच्या शेतावर गेलो. जवळची वाट आहे.